रॉबिन हूड कुठला बघायचा? आधी व्हिलन कोण ते बघा

मागच्या महिन्यात भावाचा फोन. पोरगी दहा वर्षांची, सुट्टी लागलीय, शाळेत कुणीतरी रॉबिन हूडची गोष्ट सांगितली तेव्हापासून घरातल्या झाडूच्या काड्या शिल्लक नाहीत, सगळ्यांचे बाण झाले, आता पिक्चर बघायचाय. "ताई, सर्च मारला तर ढीगभर निघाले गं, सगळ्यांचं नाव रॉबिन हूडच आणि सगळ्या पोस्टरवर एक माणूस धनुष्य ताणून उभा. कुठला लावू?" मी म्हटलं व्हिलन कोणी केलाय ते बघ आणि त्यावरून ठरव. त्याला वाटलं मी टाळतेय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून काढलं, म्हटलं त्याच्यासारखं अजून कुणी अडलं असेल तर उपयोगी पडेल.

कसंय की रॉबिन स्वतः फारसा बदलत नाही. कुणी जरा हसरा, कुणी जरा आंबट तोंडाचा, बाकी धनुष्य तेच आणि गरिबांना वाटपही तेच. पण पिक्चर हसवणार, रडवणार की रात्री पोराला दिवा चालू ठेवून झोपायला लागणार हे समोर कोण उभाय त्यावर ठरतं. आणि समोर उभं राहणारे मुख्य तीनच, नॉटिंगहॅमचा शेरीफ, सर गाय ऑफ गिझबर्न आणि राजा रिचर्डचा भाऊ प्रिन्स जॉन. (गायचं नाव देवनागरीत लिहिलं की गोठाच आठवतो त्यामुळे पुढे नुसतं गिझबर्न म्हणते.) बहुतेक दिग्दर्शकांनी या तिघांपैकी एकाला मोठं केलंय आणि उरलेल्यांना कोपऱ्यात ढकललंय, कधी विदूषक करून, कधी सरळ उडवून.

आधी मूळ गोष्टीत हे कोण होते ते थोडक्यात सांगते, थोडक्यात जमलं तर.

शेरीफ हे नाव नाही, हुद्दा आहे. शायर-रीव्ह, म्हणजे परगण्याचा कारभारी. आपल्या मुंबईलाही शेरीफ असायचे, मराठीत नगरपाल, दिलीप कुमार झाले, गावस्कर झाले, पण ते मानाचं पद, पाहुण्यांचं स्वागत करायचं आणि फोटो काढायचे. मध्ययुगातला इंग्लंडचा शेरीफ म्हणजे वसुली त्याच्याकडे, धरपकड त्याच्याकडे, परगण्याची कचेरी भरवणाराही तोच. आणि वसुलीचा प्रकार आपल्याकडच्या मक्त्यासारखा, ठरलेली रक्कम राजाच्या खजिन्यात भरायची आणि वर जे सुटेल ते आपलं. आता असा माणूस लोकांच्या शिव्या खाणार नाही तर काय. फिलिप मार्क नावाचा एक खराखुरा शेरीफ होता नॉटिंगहॅमला, तो एवढा डोईजड झाला की १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये, हो तोच तो शाळेत पाठ केलेला, त्याच्या ५० व्या कलमात नाव घालून लिहिलंय की याला आणि याच्या भावांना हुद्द्यावरून काढा. तरीही पुढे काही वर्षं पठ्ठ्या खुर्चीवर होताच. हे वाचलं तेव्हा मला फार ओळखीचं वाटलं.

पण जुन्या गाण्यांमधल्या शेरीफला नाव नाहीये. १५०० च्या आसपास छापलेलं एक लांबलचक गाणं आहे, ४५६ कडव्यांचं, त्याला 'गेस्ट' म्हणतात, त्यात रॉबिनची प्रेयसी मेरियन नाही, प्रिन्स जॉन नाही, राजा रिचर्डसुद्धा नाही, राजाचं नाव एडवर्ड आहे. शेरीफ मात्र आहे, आणि त्यातला एक प्रसंग कुठल्याही पिक्चरपेक्षा भारी आहे. रॉबिनचा उजवा हात लिटल जॉन (प्रिन्स जॉन वेगळा) खोटं नाव सांगून शेरीफच्याच घरी नोकरीला राहतो, एक दिवस स्वयंपाक्याला फोडतो, दोघं मिळून चांदीची भांडी आणि रोकड घेऊन जंगलात पळतात. मग शेरीफला शिकारीच्या बहाण्याने रॉबिनसमोर आणून उभं करतात आणि जेवायला बसवतात, ताट कुठलं, तर त्याचंच चांदीचं. घास घशाखाली उतरेना त्याच्या. नंतर अंगावरचे भारी कपडे काढून घेऊन हिरवा अंगरखा देतात आणि रात्रभर झाडाखाली जमिनीवर झोपवतात. सकाळी शेरीफ म्हणतो, अजून एक रात्र इथे काढायची असेल तर त्यापेक्षा माझं डोकं उडव. रॉबिन त्याच्याकडून शपथ घेतो की यापुढे मला आणि माझ्या माणसांना त्रास देणार नाही, आणि सोडून देतो. शेरीफ ती शपथ मोडतो. गाण्यात त्याचं खरं पाप हे आहे, करवसुली वगैरे नंतर, आधी दिलेला शब्द फिरवला. शेवटी रॉबिन त्याला बाण मारून पाडतो आणि तलवारीने डोकं उडवतो. शपथेची ही गोष्ट मी पाहिलेल्या एकाही पिक्चरमध्ये धड आलेली नाही.

त्याच गाण्यात अजून एक व्हिलन आहे ज्याला पडद्यावर फार कमी भाव मिळाला, यॉर्कच्या सेंट मेरी मठाचा महंत. एका सरदाराने मठाकडे जमीन गहाण टाकून ४०० पौंड घेतलेत, मुदत संपत आलीय, आणि महंत वाट बघतोय की पैसे येऊ नयेत म्हणजे जमीन घशात घालता येईल, न्यायाधीशालाही आधीच खिशात घालून ठेवलंय. सावकार, गहाणखत, मुदतीचा दिवस. हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. रॉबिन सरदाराला ४०० पौंड देतो आणि जामीन म्हणून सरदार कुणाला पुढे करतो तर कुमारी मातेला. पुढे त्याच मठाचा एक भिक्षू ८०० पौंड घेऊन जाताना सापडतो तर रॉबिन म्हणतो घ्या, मातेने दुप्पट करून परत केले.

आता गिझबर्न. त्याचं गाणं १७ व्या शतकातल्या एका हस्तलिखित वहीत टिकलंय आणि ती वही श्रॉपशरमधल्या शिफनल गावात एका घरी मोलकरणी चूल पेटवायला फाडत होत्या, थॉमस पर्सी नावाच्या माणसाच्या नजरेस पडली म्हणून वाचली. त्या गाण्यातला गिझबर्न सरदार-बिरदार वाटतच नाही. तो सुपारी घेऊन आलेला मारेकरी आहे, आणि अंगावर काय, तर घोड्याचं अख्खं कातडं, डोकं, आयाळ, शेपटी सगळ्यासकट. जंगलात झाडाला टेकून उभा. विचार करा, सकाळचं धुकं आणि झाडाखाली घोड्याचं डोकं असलेला माणूस. दोघं आधी गोड बोलतात, नेमबाजीची पैज लावतात, मग नावं सांगतात आणि तलवारी निघतात. रॉबिन त्याला मारतो, डोकं कापतो, धनुष्याच्या टोकाला खोचतो, सुरीने त्याचा चेहरा असा विद्रूप करतो की आईलाही ओळखू येऊ नये, मग ते घोड्याचं कातडं स्वतः पांघरतो, त्याचाच शिंग वाजवतो आणि शेरीफला वाटतं गिझबर्नने काम तमाम केलं. यात हिरो कोण आणि व्हिलन कोण असं क्षणभर होतं. पिक्चरवाल्यांनी हे प्रकरण का टाळलं ते उघड आहे, पण मला मनापासून वाटतं की कुणीतरी एकदा तरी ते घोड्याचं कातडं दाखवायला हवं होतं. त्याऐवजी बहुतेकांनी त्याला देखणा, काळ्या कपड्यातला तलवारबाज करून टाकलंय.

प्रिन्स जॉन तर उशिरा आलेला पाहुणा. १५२१ मध्ये एका स्कॉटिश इतिहासकाराने रॉबिनला रिचर्डच्या काळात नेऊन बसवलं, १५९८ च्या नाटकांमध्ये जॉन मेरियनच्या मागे लागला, आणि १८१९ ला वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीने सॅक्सन (मूळचे इंग्रज) विरुद्ध नॉर्मन (फ्रान्सहून येऊन राज्य करणारे) हे भांडण जोडून दिलं. पिक्चरवाल्यांना हे फार सोयीचं पडलं कारण चांगला राजा परगावी, वाईट भाऊ गादीवर डोळा ठेवून, हे दोन मिनिटांत कळतं. खरा जॉन पुढे १७ वर्षं राजा होता हे कुणी सांगत बसत नाही.

बरं, आता पिक्चर.

लहान मुलं असतील तर खरी लढत दोघांतच आहे, डिस्नीचा १९७३ चा कार्टून आणि १९३८ चा एरॉल फ्लिनवाला. कार्टूनमध्ये सगळे प्राणी, रॉबिन कोल्हा, प्रिन्स जॉन सिंह पण आयाळ नसलेला आणि डोक्यावरचा मुकुट सारखा कानांवर घसरतो, शेरीफ लांडगा, आणि सर हिस नावाचा साप जॉनचा सल्लागार. कुणी आईचं नाव काढलं की हा सिंह एका हाताने स्वतःचा कान धरतो आणि अंगठा तोंडात घालतो. आवाज पीटर उस्तिनोव्हचा आहे, तो माणूस इतका मजेत बोललाय की मला प्रत्येक वेळी जॉनची दया येते. पोरं हसतात, मोठे जास्त हसतात.

पण या कार्टूनचा खरा व्हिलन जॉन नाही असं माझं मत आहे, तो लांडगा आहे. लोहाराच्या दुकानातला सीन बघा. लोहार कुत्रा आहे, पायाला प्लास्टर, रॉबिनचा भिक्षू दोस्त फ्रायर टक त्याला चोरून चार नाणी देतो, तो ती प्लास्टरमध्ये लपवतो. इतक्यात शेरीफ गाणं गुणगुणत येतो, अरे अरे पाय दुखतोय का, बस बस, मी मदत करतो, असं म्हणत त्याचा पाय उचलतो, प्लास्टरवर टकटक करतो आणि नाणी एकेक करून स्वतःच्या हातात पाडून घेतो. आवाज चढवत नाही, दात विचकत नाही. मग तसाच सशांच्या घरी जातो जिथे पोराचा वाढदिवस आहे आणि त्याला भेट मिळालेलं एकुलतं एक नाणं उचलतो, वर शुभेच्छा देतो. भाचीला या सीनचा राग आला, खूप म्हणजे खूप, आणि माझ्या मते सहा ते दहाच्या पोरांसाठी एवढी दुष्टाई बरोब्बर मापाची आहे. मारामारीत कुणी मरत नाही, शेवटी व्हिलन लोक कैद्यांच्या कपड्यात दगड फोडत बसतात. शेवटाकडे किल्ल्याला आग लागते आणि रॉबिन पाण्यात बुडाला की काय असं वाटतं तेवढी दोन मिनिटं पोराच्या शेजारी बसा. तोटा एकच, पिक्चर मधे मधे रेंगाळतो, आणि नाचाचे काही तुकडे डिस्नीने स्वतःच्याच जुन्या कार्टूनमधून उचललेत ते एकदा कळलं की दिसतच राहतात.

१९३८ च्या पिक्चरमध्ये उलटं. तिथे शेरीफ गुबगुबीत, घाबरट, पूर्ण कॉमेडी, म्हणजे ज्याला मूळ गाण्याने मुख्य व्हिलन केलं त्याला इथे हसण्यावारी नेलाय. जॉन आहे क्लॉड रेन्स, लालसर केस, मऊ आवाज, बसल्या बसल्या माणसं लटकवायचे हुकूम देतो. आणि गिझबर्न आहे बेसिल रॅथबोन, तो खरोखर तलवार चालवायला शिकलेला माणूस होता, आणि ते दिसतं. शेवटचं द्वंद्व जिन्यावरून, खांबांमधून, मेणबत्त्यांचं भलंमोठं झाड आडवं होतं, आणि मधेच कॅमेरा दोघांना सोडून देतो आणि नुसत्या एका जाडजूड खांबावर त्यांच्या राक्षसाएवढ्या सावल्या लढताना दिसतात. तेवढा एक शॉट बघण्यासाठी पिक्चर लावला तरी चालेल. जुना असला तरी काळापांढरा नाही, टेक्निकलरमध्ये आहे, रंग इतके भडक की सुरुवातीला टीव्हीची सेटिंग बिघडली असं वाटतं. तीन ऑस्कर मिळालीत, त्यातलं एक संगीताचं. पोरगं नऊ-दहाचं असेल आणि इंग्लिश बऱ्यापैकी कळत असेल तर मी हा लावेन. सहाचं असेल तर कार्टून. रॅथबोन मरतो, उंचावरून खाली पडतो, पण रक्त-बिक्त नाही.

मोठ्यांसाठी विचारलं तर सगळे एका दमात म्हणणार, १९९१ चा 'प्रिन्स ऑफ थीव्ज', आणि कारण विचारलं तर रॉबिन झालेल्या केविन कॉस्टनरचं नाव कुणी घेणार नाही. अ‍ॅलन रिकमन. ज्या पोरांना तो हॅरी पॉटरमधला स्नेप म्हणून माहितीय त्यांना हे बघून धक्का बसतो, कारण स्नेप ओठ न हलवता बोलतो आणि हा नॉटिंगहॅमचा शेरीफ अख्खा किल्ला डोक्यावर घेतो. या पिक्चरमध्ये प्रिन्स जॉनच नाही, काढूनच टाकलाय, त्यामुळे सगळी जागा शेरीफला मोकळी. रॉबिन त्याचा गाल कापून पळतो तेव्हा हा चवताळून म्हणतो मी त्याचं काळीज चमच्याने काढीन. चुलतभाऊ गिझबर्न, बिचारा, विचारतो चमच्यानेच का, कुऱ्हाडीने का नको. कारण चमचा बोथट असतो, मूर्खा, जास्त दुखतं. दुसऱ्या एका सीनमध्ये रागाच्या भरात अनाथांना मिळणारं उष्टंखरकटं बंद करा आणि नाताळही रद्द करा असे हुकूम सोडतो. आपल्याकडे निळू फुले नुसते मान तिरकी करून बघायचे तरी थिएटर जागं व्हायचं, तसा प्रकार आहे हा, पद्धत वेगळी, पण माणूस स्वतःच्या दुष्टपणाची चव घेतोय हे सारखंच. या रोलसाठी त्याला बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचं ऑस्करच म्हणा, मिळालं.

पण, आणि हे भावाला मी दोनदा सांगितलं, हा लहान मुलांसोबत लावू नका. पोस्टर बघून वाटतं फॅमिली पिक्चर, पण सुरुवातच जेरुसलेमच्या तुरुंगात हात तोडण्याने होते, किल्ल्याच्या तळघरात एक चेटकीण आहे आणि शेवटी शेरीफ मेरियनशी जबरदस्तीने लग्न लावून तिच्यावर हात टाकतो, तेही अर्धं विनोदी करून दाखवलंय, जे आज बघताना मला फार खटकलं. रिकमन कितीही आवडत असला तरी तो भाग मी फॉरवर्ड करते. यातला गिझबर्न मायकेल विनकॉट, घोगऱ्या आवाजाचा, शिकलेला वगैरे नाही, नुसता गुंड, आणि शेरीफ शेवटी आपल्याच हाताने त्याला संपवतो. त्याची ओळख होते तो सीन ज्या झाडाखाली आहे ते हेड्रियनच्या भिंतीजवळचं झाड पुढे या पिक्चरमुळे फेमस झालं, २०२३ मध्ये कुणीतरी रात्रीत कापून टाकलं ते हेच. डोव्हरला उतरलेला रॉबिन नॉटिंगहॅमला जाता जाता पार स्कॉटलंडच्या बाजूच्या त्या भिंतीपाशी कसा पोचतो हे विचारू नका, म्हणजे पुण्याहून साताऱ्याला निघावं आणि वाटेत नागपूर लागावं तसं आहे ते.

त्याच १९९१ सालात दुसराही एक आला होता, पॅट्रिक बर्गिनचा, त्यात शेरीफ बाजूला आणि दोन नॉर्मन सरदार व्हिलन, युर्गेन प्रोखनॉव्ह त्यातला एक, थंड आणि चांगला. पण रिकमनच्या सावलीत कुणाला दिसलाच नाही.

२०१० चा रसेल क्रोवाला आणि २०१८ चा टॅरन एगर्टनवाला एकत्रच उरकते. २०१० मध्ये मार्क स्ट्राँगचा गॉडफ्रे, फ्रेंचांना फितूर झालेला टकला, नवाच बनवलेला व्हिलन, नट उत्तम पण रोलमध्ये दम नाही. शेरीफ मॅथ्यू मॅकफेडन, वाया घालवलाय अक्षरशः. गंमत म्हणजे हा प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हा स्क्रिप्टचं नावच 'नॉटिंगहॅम' होतं आणि शेरीफ सहानुभूतीचा धनी असणार होता, मग बदलत बदलत तो इतका आकसला की पापणी लवली तर हुकतो. ऑस्कर आयझॅकचा जॉन मात्र बघण्यासारखा, चिडका, असुरक्षित, सनद जाळून टाकतो तो सीन चांगलाय. २०१८ मध्ये बेन मेंडेलसन शेरीफ, लांब राखाडी कोट, ओरडतो भरपूर, ऐकून डोकं दुखतं. तुमच्याकडे दोनच संध्याकाळ असतील तर यावर एकही घालवू नका.

१९९३ ची मेल ब्रूक्सची टवाळी, जिथे शेरीफ नॉटिंगहॅमऐवजी रॉटिंगहॅमचा आहे, ती कॉस्टनरवाला पाहिल्यानंतरच बघा, आधी पाहिली तर अर्धे जोक डोक्यावरून जातात.

आता माझा आवडता. १९७६ चा 'रॉबिन अँड मेरियन', शॉन कॉनरी, ऑड्री हेपबर्न, आणि शेरीफ रॉबर्ट शॉ. यात सगळे म्हातारे झालेत. रॉबिन वीस वर्षं रिचर्डबरोबर लढून, वैतागून परत आलाय, गुडघे कुरकुरतात, मेरियन आता मठाची प्रमुख. आणि शेरीफ? तो पूर्ण पिक्चरमधला सर्वात शहाणा माणूस आहे. त्याला रॉबिनचा द्वेष नाही. त्याला रॉबिन माहितीय, पाठ झालाय. वरून आलेला सरदार म्हणतो जंगलात घुसा, हा म्हणतो नको, थांब, तो स्वतःहून बाहेर येईल, आणि येतोच तो बाहेर. शेवटी दोघं उघड्या मैदानात समोरासमोर, तलवारी इतक्या जड की दोन घाव घातले की धापा टाकत थांबायचं, परत उचलायच्या. रॅथबोनच्या सावल्या कुठे आणि हे कुठे. बघताना मला आमच्या आजोबांचा आणि त्यांच्या बांधावरच्या भाऊबंदाचा खटला आठवला, चाळीस वर्षं चालला, शेवटी दोघांना एकमेकांशिवाय बोलायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पुढची चार वाक्यं पिक्चर बघायचा असेल तर वाचू नका. जुन्या गाण्यांमध्ये रॉबिनला शेरीफ मारत नाही, जॉन मारत नाही, त्याला मारते कर्कलीज मठाची प्रमुख, त्याचीच नातेवाईक, आजारी रॉबिन शीर कापून रक्त काढून घ्यायला तिच्याकडे जातो, त्या काळचा उपचार तो, आणि ती आपल्या याराशी संगनमत करून रक्त थांबवतच नाही. या पिक्चरने काय केलं, तर त्या मठप्रमुखाच्या जागी मेरियनला बसवलं आणि तिच्या हातून रॉबिनला विष दिलं, प्रेमापोटी. सगळ्या गोष्टीतली सर्वात काळी बाई उचलून नायिकेच्या आत घातली. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे गाणं माहिती नव्हतं, नंतर वाचलं आणि परत पाहिला तेव्हा पोटात कालवलं. ज्याला व्हिलनचं काम करणारा शांत, समजूतदार माणूस बघायचाय त्याने हाच बघावा. पोरांना मात्र कंटाळा येईल, शंभर टक्के.

सिरीज बघणाऱ्यांसाठी, दोन. आयटीव्हीची १९८४ ते ८६ ची 'रॉबिन ऑफ शेरवुड', २६ भाग, आणि बीबीसीची २००६ ते ०९ ची, ३९ भाग. जुन्या सिरीजमध्ये शेरीफ निकोलस ग्रेस, बारका, तिखट जिभेचा, हुशार, आणि हाताखाली गिझबर्न हा ठोंब्या, त्यामुळे साहेब आणि कारकुनाची जोडी जमलीय, "गिझबर्न!" अशी किंकाळी ऐकली की पुढचे पाच मिनिटं मजा असणार हे नक्की. शेरीफचा भाऊ महंत आहे, म्हणजे जुन्या गाण्यातला तो जमीन लाटणारा महंत इथे कुठेतरी जिवंत आहे, मला त्याचंच कौतुक. आणि फिलिप मार्क, मॅग्ना कार्टावाला, तोही एका भागात येतो. धुकं, जादूटोणा, क्लॅनड या आयरिश बँडचं संगीत, आज वेग हळू वाटतो. बीबीसीच्या सिरीजमध्ये शेरीफ कीथ अ‍ॅलन, नुसता आचरट, पण गिझबर्न रिचर्ड आर्मिटेज, काळं लेदर, कपाळावर आठी, आणि लोक रॉबिनला सोडून याच्याच बाजूने झाले, त्यात मीही. मेरियनवर त्याचा खरोखर जीव आहे आणि म्हणूनच दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो जे करतो ते सांगणार नाही, पण त्या रात्री मी कुणाशी बोलले नव्हते. तिसरा सीझन सोडला तरी चालेल. अभ्यासू, संथ प्रकृती असेल तर जुनी, एका वीकेंडला पाच भाग ओढणारे असाल तर नवी.

अजून एक, १९५५ ते ५९ ची काळीपांढरी सिरीज, रिचर्ड ग्रीनची, १४३ भाग, अर्ध्या अर्ध्या तासाचे. तिचा शेरीफ अ‍ॅलन व्हीटली, सभ्य, थंडगार. मला ती आवडते ती पडद्यामागच्या कारणासाठी, अमेरिकेत कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत टाकलेले हॉलिवूडचे लेखक खोट्या नावांनी तिचं लिखाण करत होते, रिंग लार्डनर ज्युनियर त्यातला एक. ज्यांना स्वतःलाच चहाडीमुळे देशोधडीला लावलं त्यांनी कायद्याबाहेर टाकलेल्या माणसाची आणि खबऱ्यांच्या जिवावर राज्य करणाऱ्या अधिकाऱ्याची गोष्ट लिहायची. एखादा भाग तरी बघाच.

तर भावाने शेवटी दोन्ही लावले, शनिवारी कार्टून, रविवारी एरॉल फ्लिन. रविवारी रात्री भाचीचा फोन, आत्या, सापाचं पुढे काय झालं आणि तो काळ्या कपड्यांतला काका खराच पडला का. मग मी, चूक झाली, तिला घोड्याच्या कातड्यातल्या गिझबर्नची गोष्ट सांगितली, डोकं कापायचा भाग गाळून. आता त्यांच्या फ्रीजवर एक चित्र चिकटवलंय, हिरवं जंगल, झाडाखाली घोड्याचं तोंड आणि माणसाचे पाय, शेपटीसुद्धा नीट काढलीय. भाऊ म्हणतो रात्री पाणी प्यायला उठलं की दचकायला होतं, आणि पुढच्या वेळी तू फक्त पिक्चरचं नाव सांग.